रेगे वळणाच्या रॉक गाण्यांचे अकूस्टिक कराओके ट्रॅक: मधली मोकळी जागा कुठे जाते?

गिरणाकाठ (पाचोरा) · ५ मे, रात्री ११:१०

राम राम मंडळी.

आमचा पाचोऱ्यात कराओकेचा छोटा ग्रुप आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणाच्या तरी गच्चीवर जमतो. एक स्पीकर, दोन माइक, एक लॅपटॉप. बहुतेक जण जुनी हिंदी गाणी गातात, मीही गातो. पण माझा जीव अडकलाय दुसरीकडे. पुण्याला हॉस्टेलवर असताना रूममेटच्या टेपवर 'ईगल्स' बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' ऐकलं, 'द पोलिस' बँडची गाणी ऐकली, एरिक क्लॅप्टनचं 'आय शॉट द शेरिफ' ऐकलं. सगळी रॉक गाणी, पण वळण रेगेचं, म्हणजे जमैकातल्या संगीताचं. ही गाणी एकदा तरी चार माणसांसमोर नीट गायची, हे तेव्हापासून मनात आहे. जूनच्या बैठकीत गाणार असं ग्रुपला सांगूनही टाकलंय.

पूर्ण बँडचा ट्रॅक आमच्या स्पीकरवर लावला की नुसता कालवा होतो. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारखाली आवाज दबून जातो. म्हणून पैसे देऊन चार अकूस्टिक ट्रॅक घेतले, म्हणजे मागे नुसती साधी, विजेविना गिटार. चारही ट्रॅकमध्ये वाजवणाऱ्याने गिटार सलग खाली-वर, खाली-वर अशी झोडली आहे. कॉर्ड बरोबर, पट्टी बरोबर, शब्द स्क्रीनवर वेळेवर येतात. पण गाणं ते नाहीच. मूळ गाण्यात मी जिथे श्वास घेतो, तिथे इथे गिटार बोलत असते.

काल रात्री पोलिसचं 'वॉकिंग ऑन द मून' हे मूळ गाणं आणि विकतचा ट्रॅक पाठोपाठ लावून टेबलावर बोटाने मोजत बसलो. मूळ गाण्यात गिटारचा एक कॉर्ड वाजतो आणि मग कितीतरी वेळ नुसता त्याचा घुमारा. खाली बेसचे (जाड आवाजाच्या गिटारचे) मोजके सूर, वर झांजेची बारीक किणकिण, मध्ये केवढी तरी मोकळी जागा. ट्रॅकमध्ये त्या जागेत सोळा फटके आहेत. मी मोजले.

तर विचारायचं हे, की अकूस्टिक ट्रॅकमध्ये ही मोकळी जागा राखता येते का? की ड्रम आणि बेस काढले की ती जाणारच? कोणी असा ट्रॅक स्वतः केलाय का? मला गिटार कामापुरती येते. शिकायची तयारी आहे.

---

चोपड्याचा_गिटारवाला · ६ मे, सकाळी ७:२५

भाऊ, दुखण्यावर बरोबर बोट ठेवलंत. ती जागा राखता येते. फक्त वाजवणाऱ्याला हात आवरता आला पाहिजे.

रेगेचा मूळ ठेका चार मात्रांत मोजा. पहिली मात्रा रिकामी. दुसरीवर गिटारचा छोटा कट. तिसरीवर ड्रमचा सगळा भार, पायाचा ढोल आणि काडीचा ठोका एकदम. चौथीवर पुन्हा गिटारचा कट. याला 'वन ड्रॉप' म्हणतात, म्हणजे पहिली मात्रा गाळलेली. जमैकन गायक बॉब मार्लीच्या 'वेलर्स' बँडमध्ये ड्रम वाजवणारा कार्लटन बॅरेट या ठेक्याचा उस्ताद होता. बेसवर त्याचाच भाऊ, अ‍ॅस्टन. हे दोघे भाऊ ऐकल्याशिवाय ट्रॅक करायला बसू नका.

गिटारच्या कटाला 'स्कँक' म्हणतात आणि त्याचं सगळं काम डाव्या हाताचं आहे. उजवा हात फक्त तारांवरून जातो. आवाज निघाल्याबरोबर डाव्या हाताची बोटं तारांवरून उचलायची नाहीत, नुसती सैल करायची. तार बोटाखालीच राहते पण पडद्यावरून सुटते, आणि आवाज 'चक्' करून मिटतो. सुट्या तारांचे कॉर्ड, म्हणजे आपले शिकाऊ जी, सी, डी, इथे चालत नाहीत. सुटी तार मिटत नाही, घुमत राहते. बार कॉर्ड धरा, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून, आणि खालच्या बारीक तीन-चार तारांवरच वाजवा.

बाजारातल्या अकूस्टिक ट्रॅकवाल्यांना भीती वाटते की जागा मोकळी ठेवली तर गाणारा चुकेल. म्हणून ते भरून टाकतात. गाणारा चुकत नाही, पण गाण्यातला डोल मात्र जातो.

---

रावेर_७८ · ६ मे, सकाळी ९:०२

पण 'हॉटेल कॅलिफोर्निया'ला रेगे म्हणायचं का? मला तर ते साधं रॉक बॅलड वाटत आलंय. मुद्दाम वाद घालत नाही, खरंच विचारतोय.

---

भुसावळ_लोको · ६ मे, दुपारी १:४०

रावेरकर, प्रश्न चांगला आहे. मी रेल्वेतून निवृत्त. मला वाजवता येत नाही, पण १९७५ पासून ऐकतोय, म्हणून थोडं सांगतो.

'ईगल्स'च्या डॉन फेल्डरने या गाण्याची चाल बांधली तेव्हा बँडमध्ये तिचं कामचलाऊ नाव होतं 'मेक्सिकन रेगे'. अल्बम आला डिसेंबर १९७६ मध्ये. ड्रमचा ठेका वन ड्रॉप नाही, हे तुमचं बरोबर. रेगे आहे तो गिटारच्या उचलीत. कडव्याच्या मागे कान द्या, मात्रांच्या मधोमध गिटार कशी चटकन वर उचलली जाते ते सापडेल. एकदा सापडलं की परत लपत नाही.

आणि गिरणाकाठ भाऊ, 'आय शॉट द शेरिफ' क्लॅप्टनने १९७४ मध्ये गायलं आणि अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, पण गाणं मार्लीचं. वेलर्सचं मूळ रेकॉर्डिंग १९७३ चं. आमच्या रेल्वे कॉलनीत एकाने मुंबईहून क्लॅप्टनची रेकॉर्ड आणली होती. आम्ही ती वर्षभर घासली आणि मूळ गाणं कोणाचं हे पार नंतर कळलं. जमैकातल्या गरीब वस्त्यांतून १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेलं हे संगीत. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. रॉकवाल्यांनी त्यातून भरपूर घेतलं. लेड झेपलिनने १९७३ मध्ये एक गाणं केलं, त्याचं नावच 'जमैका' या उच्चारावर बांधलेलं. १९७८ चं '१०सीसी'चं 'ड्रेडलॉक हॉलिडे' तर आपल्या लोकांना क्रिकेटमुळे आवडतं.

ट्रॅक कोणताही करा, आधी मूळ जमैकन गाणी आठ दिवस ऐका. एवढी विनंती.

---

मुक्ताई_पखवाज (मुक्ताईनगर) · ६ मे, रात्री ९:५५

मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो, घरी तबला. इंग्रजी गाणी माझा प्रांत नाही. पण चोपडेकर दादांनी जे चार मात्रांचं लिहिलं, ते वाचून तबला काढून बसलो, आणि जे सापडलं ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यांच्या एका मात्रेच्या आपल्या दोन धरा. म्हणजे आठ मात्रांचा केरवा झाला.

धा गे ना ती । न क धि न

आपली सम पहिल्या मात्रेवर, 'धा'वर. खाली पाचव्या मात्रेवर. आता त्यांचा ठेका यावर ठेवून बघा. त्यांची पहिली मात्रा म्हणजे आपली सम, आणि तीच रिकामी! त्यांची तिसरी मात्रा म्हणजे आपली पाचवी, खालीची, आणि सगळा भार तिच्यावर! गिटारचे कट येतात ते तिसऱ्या मात्रेच्या 'ना'वर आणि सातव्या मात्रेच्या 'धि'वर.

म्हणजे जिथे आपण डग्गा उचलून हात हलका करतो, तिथे ते सगळं वजन टाकतात. आणि जिथे आपण समेवर येऊन मान डोलावतो, तिथे ते गप्प बसतात. लहानपणापासून टाळाच्या ठेक्यावर वाढलेल्या माणसाला ही गाणी गाताना अडखळायला का होतं, ते मला आज कळलं. आपण समेची वाट बघत असतो आणि सम येते ती आवाज न करता.

दादा, गिरणाकाठ भाऊंना माझा सल्ला: गिटारला हात लावायच्या आधी आठ दिवस हातावर टाळी द्या. पहिल्या मात्रेवर हात नुसता हवेत ठेवा, तिसरीवर टाळी. तोंडाने गाणं म्हणा. टाळी पहिल्या मात्रेवर पळते की नाही ते बघा. माझी पळाली, पुष्कळदा.

---

गिरणाकाठ · ६ मे, रात्री ११:३०

मुक्ताईनगरकर, अंगावर काटा आला हे वाचून. माझी टाळी आत्ताच दोनदा पळाली.

---

धुळे_ध्वनी · ७ मे, दुपारी १२:१५

धुळ्यात लहानसा रेकॉर्डिंगचा सेटअप आहे, त्या अनुभवावरून तांत्रिक बाजू सांगतो.

मूळ गाण्यातून आवाज काढून टाकण्याचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे डाव्या-उजव्या चॅनेलपैकी एक उलटा करून दोन्ही मिसळायचे. मधोमध असलेला गायकाचा आवाज कटतो. पण बहुतेक गाण्यांत बेस आणि पायाचा ढोलही मधोमधच असतात, तेही त्याबरोबर जातात. रेगेत बेस गेला म्हणजे गाणं गेलं, कारण अर्धी चाल बेसच वाजवत असतो. नवा रस्ता डेमक्स, स्प्लीटरसारख्या सॉफ्टवेअरचा. ती आवाज, ड्रम, बेस वेगळे काढून देतात. काम पुष्कळ चांगलं होतं, पण गायकाच्या आवाजाचा घुमारा मागे पुसट राहतो, आणि पोलिसच्या गाण्यांत घुमारा आणि प्रतिध्वनी एवढे आहेत की गाताना कानाजवळ कोणी कुजबुजतंय असं वाटतं. शिवाय असा ट्रॅक अकूस्टिक होत नाही तो नाहीच. माझ्या मते ही सॉफ्टवेअर अभ्यासाला वापरा, बेस वेगळा काढून ऐका, आणि ट्रॅक हाताने वाजवून करा.

अकूस्टिकमध्ये बेस कुठून आणायचा, तर त्याच गिटारवर जाड तारांवर बेसची ओळ अंगठ्याने वाजवून वेगळी रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीमध्ये बारा अर्धस्वर, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवा. ऑडॅसिटी फुकट आहे. आवाज थोडा रबरी होतो, पण छोट्या स्पीकरवर छान भरतो. एकेक सूर वाजवला तरच हे जमतं, कॉर्ड उतरवला तर चिखल होतो.

सुरुवातीला चार ठोके मोजून द्यायला विसरू नका. पहिली मात्राच रिकामी, त्यामुळे ते ठोके नसतील तर गाणाऱ्याला शिरायला दार सापडत नाही.

---

शहादेकर_ताई · ७ मे, रात्री ८:२०

मी शहाद्याला शाळेत शिकवते, संगीत हा विषय नाही पण गॅदरिंगची जबाबदारी माझ्याकडेच असते. माझा प्रश्न पट्टीचा. 'हॉटेल कॅलिफोर्निया' मूळ बी मायनर, म्हणजे आपली पांढरी सात. मला तिथे कडवं फार खाली जातं आणि आवाज दबतो. ट्रॅक वर चढवला तर गिटार पत्र्यासारखी वाजते.

आणि एक सांगू का? पखवाजवाल्या दादांची रिकामी सम मला आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावर कळली. परवा माहेरी झोक्यावर बसून आम्ही बहिणी गाणी म्हणत होतो. झोका खाली येतो तेव्हा पाय जमिनीला लागतो, सगळं अंग तिथे जड होतं. वर गेला की क्षणभर थांबतो, तिथे काहीच वाजत नाही, पण गाणं तुटत नाही. मी मुद्दाम वर गेल्यावर 'एक' मोजायला लागले. धाकटी म्हणाली, ताई काय मोजी ऱ्हायनी?

---

चोपड्याचा_गिटारवाला · ७ मे, रात्री ९:४५

ताई, तुमच्यासाठी सोपा मार्ग आहे. फेल्डरने चाल आधी ई मायनरमध्येच केली होती. गाणाऱ्या डॉन हेन्लीच्या आवाजाला ती उंच पडली म्हणून बी मायनरला आणली. म्हणून तर गिटारवाले सातव्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई मायनरच्या आकारात वाजवतात. तुम्ही कॅपो काढून टाका. ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. पांढरी तीन झाली. झोडणाऱ्याला हे आकार सुट्या तारांमुळे सोपे, पण उचलीसाठी त्रासाचे. तळहाताची कड गिटारच्या पुलाजवळ (खाली तारा टेकतात ती पट्टी) टेकवून तारा दाबायच्या.

तयार ट्रॅक दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत वर-खाली केला तर चालून जातो. तुम्हाला पाच हवेत. त्यापेक्षा नवीन वाजवलेला बरा.

झोक्याचं जे लिहिलंत ते मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

---

रावेर_७८ · ८ मे, सकाळी १०:११

तयार झालेले ट्रॅक इथे टाकाल का सगळ्यांसाठी?

---

धुळे_ध्वनी · ८ मे, सकाळी ११:०५

घरी, ग्रुपमध्ये सरावाला वाजवणं वेगळं आणि इंटरनेटवर टाकणं वेगळं. रेकॉर्डिंग आपलं असलं तरी रचना मूळ माणसांची आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हर व्हर्जनसाठी ३१सी हे कलम आलं. पहिल्या रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आगाऊ कळवावं लागतं आणि रॉयल्टी भरावी लागते. म्हणून इथे कोणी फाइल टाकू नये. कशी केली ते सांगा, तेच जास्त उपयोगाचं.

---

गिरणाकाठ · २१ मे, सकाळी ८:३०

पंधरा दिवसांनी लिहितोय. भुसावळच्या काकांचं ऐकून आठ दिवस नुसतं जमैकन ऐकलं, मुक्ताईनगरकरांचं ऐकून आठ दिवस टाळी दिली. टाळी आता पळत नाही.

रेकॉर्डिंगचा पहिला प्रयत्न दुपारी केला आणि वाया गेला. बाहेर ४४ अंश. कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये त्याची घरघर, बंद केला तर दहा मिनिटांत घामाने बोटं तारांवरून घसरायला लागली आणि गिटार सुरातून उतरली. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो. गावात तेव्हा आवाज नसतो, फक्त लांब रेल्वेची शिट्टी. त्या तासाभरात जे झालं तेच ठेवलं.

गाणं 'हॉटेल कॅलिफोर्निया' घेतलं. वेग मिनिटाला ७४ मात्रा ठेवला. आधी सगळं गाणं स्वतः गुणगुणून रेकॉर्ड केलं, मग त्याच्याखाली गिटार. हा क्रम उलटा वाटेल, पण गळा कुठे थांबतो हे आधी कळलं की हात तिथे थांबतो. मग बेसची ओळ जाड तारांवर, एक सप्तक खाली. मग तिसऱ्या मात्रेचा ठोका. ड्रम नाहीच, तर पोळपाट उलटा करून मांडीवर घेतला आणि लाटण्याने कडेला ठोका दिला. कोरडा 'टक्' येतो, काडीच्या ठोक्याच्या फार जवळचा.

तरी काहीतरी कमी आहे. कडवं चांगलं चालतं, पण ध्रुवपदाला जमीन सुटल्यासारखं वाटतं. चोपडेकर दादा आणि धुळेकरांना फाइल निरोपातून पाठवली आहे.

---

चोपड्याचा_गिटारवाला · २१ मे, रात्री १०:००

तीनदा ऐकली. कट सुरेख मिटतायत. कमी आहे ते तिसऱ्या मात्रेचं वजन. तुमचा पोळपाट 'टक्' म्हणतो, पण वन ड्रॉपमध्ये त्या 'टक्'च्या खाली पायाच्या ढोलाचा 'धुम्' असतो, दोन्ही एकाच क्षणी. कडव्यात बेस ते झाकून नेतो, ध्रुवपदात बेस वर चढतो आणि खाली पोकळी राहते. भाऊ, हे मूळ गाण्यात नाही हे मला माहीत आहे, पण तुम्ही ट्रॅक वन ड्रॉपवर नेलाच आहे तर आता पूर्ण न्या.

---

मुक्ताई_पखवाज · २१ मे, रात्री १०:४०

'धुम्' माझ्याकडून घ्या. ढोलकीच्या धुमेवर तळव्याचा एक थाप, वर पोळपाट. धुमेला मसाला असतो, आवाज खोल येतो. पण एकच थाप, तिसरीवर. बोलायचा मोह झाला तरी ढोलकीला बोलू द्यायचं नाही. रविवारी पाचोऱ्याला येतो, पहाटेच करू.

---

धुळे_ध्वनी · २२ मे, सकाळी ९:२०

थाप रेकॉर्ड करताना माइक धुमेच्या समोर नको, कडेला हातभर अंतरावर ठेवा. समोर ठेवला तर वारा माइकमध्ये शिरतो आणि 'भप्प' येतं.

---

शहादेकर_ताई · ३० मे, दुपारी ४:१५

मी ई मायनरमध्ये एका माजी विद्यार्थ्याकडून वाजवून घेतलं. तो आधी झोडायचाच. त्याला म्हटलं, बाळा, डोळे मिट, झोका वर गेलाय असं समज आणि हात थांबव. चौथ्या वेळेला थांबला. आवाज आता दबत नाही. वरचे सूरही आरामात लागतात.

---

गिरणाकाठ · २९ जून, रात्री ११:५०

काल बैठक झाली. संध्याकाळीच पाऊस आला, गच्ची सोडून हॉलमध्ये बसलो. वीसेक माणसं होती. मुक्ताईनगरकर दादा खास आले होते.

ट्रॅक सुरू झाला, पोळपाटाचे चार ठोके, आणि मग पहिली मात्रा शांत. त्या एका क्षणात हॉलमध्ये खिडकीबाहेरचं पागोळ्यांचं पाणी ऐकू आलं. दुसऱ्या मात्रेवर गिटार, तिसरीवर दादांची थाप. मी शिरलो आणि पहिल्यांदा असं झालं की मला ट्रॅकच्या मागे धावावं लागलं नाही. श्वास घ्यायला जागा होती. दुसऱ्या कडव्याला आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी, ज्या फक्त भजनं आणि जुनी हिंदी गाणी गातात, मांडीवर ठेका धरून होत्या. मी बघितलं, टाळी तिसऱ्या मात्रेवर पडत होती. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

शेवटचा लांब गिटारचा तुकडा माझ्या आवाक्याबाहेरचा, तो ठेवला नाही. तिथे दोन आवर्तनं नुसता बेस आणि थाप ठेवली. १९९४ च्या ईगल्सच्या अकूस्टिक मैफिलीतल्या रेकॉर्डिंगसारखं काही करायची इच्छा आहे, पण ते पुढच्या वर्षी.

आता 'आय शॉट द शेरिफ' घेतोय. काका, क्लॅप्टनची चाल धरू की मार्लीची?

---

भुसावळ_लोको · ३० जून, सकाळी ६:१०

भाऊ, भलतं भारी शे हाई! चाल मार्लीची धर. १९७३ ची. आणि पुढच्या बैठकीला मला बोलाव, भुसावळहून पाचोरा काय लांब नाही.